बिभीषणसरांचं मनगट

बिभीषणचे वडील कडा गावच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि त्यांच्या घरात गाणं म्हणजे भजन. गावात हरिपाठाला पेटी वाजवणारा म्हातारा आजारी पडला, तेव्हा शाळेत जाणारा बिभीषण त्याच्या जागेवर बसला आणि मग तिथून उठलाच नाही. पुढं नारायणगडावरच्या सप्ताहात कीर्तनकार त्याला हौसेनं बोलावून न्यायचे. महाराजांनी मधेच चाल बदलली, तरी त्याची बोटं आधीच तिकडं वळलेली असायची. त्या जोरावर त्यानं संगीताच्या परीक्षा दिल्या, लग्न झाल्यावर बायकोला, सत्यशीलाला, घेऊन बीडला आला आणि एसटी स्टँडच्या मागं जी कोचिंग क्लासची गल्ली आहे, तिथं एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर संगीताचा क्लास उघडला.

सुरुवातीला पोरं पेटी शिकायला यायची. मग आईबाप कीबोर्ड विचारू लागले आणि लॉकडाऊननंतर पियानो. कुणाच्या तरी पुण्यातल्या भाच्यानं पियानोची परीक्षा दिलेली असायची, मग आपल्या पोरानं का देऊ नये? बिभीषणनं विचार केला, पट्ट्या त्याच, काळ्यापांढऱ्या. सूर तेच. त्यात एवढं काय असणार. त्यानं जड पट्ट्यांचा एक डिजिटल पियानो आणला, मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याचं नोटेशन वाचायला शिकला आणि पाटीवर हार्मोनियमच्या खाली 'पियानो' असं रंगवून घ्यायचं ठरवलं. अक्षर केवढं काढू, असं पेंटरनं विचारलं, तर म्हणाला, हार्मोनियमपेक्षा मोठं काढ.

मेहेक त्याच्याकडं आली ती या पाटीमुळंच. तिचा बाप तन्वीर मोसंबी-डाळिंबाचा ठोक व्यापारी. दिवसभर मार्केटमध्ये, नाहीतर ट्रकबरोबर बाहेरगावी. त्यामुळं मेहेकला रिक्षातून क्लासला आणायची ती तिची दादी रहिमाबी. पोरगी आत वाजवत असली की रहिमाबी जिन्याच्या वरच्या पायरीवर हातात तसबीहची माळ घेऊन बसलेली असायची. मेहेक अकरा-बारा वर्षांची, बोलायला कमी. पण तिच्या कानाला तोड नव्हती. खाली रस्त्यावरून एखादी वरात गेली तर तिची चाल ती वर बसून बोटांनी शोधून काढायची. बिभीषणच्या हाताखालून पुष्कळ पोरं गेली होती, पण असं पोर त्याला मिळालं नव्हतं. तिला संभाजीनगरला परीक्षेला बसवायचं, असं त्यानं ठरवलं. बीडमध्ये पियानोचं पहिलं नाव आपल्या क्लासचं व्हावं, हेही त्याच्या मनात होतं.

पियानोच्या पुस्तकात काही सुरांच्या वर एक बारीक कमान काढलेली असते. त्या कमानीखालचे सूर सुटे वाजवायचे नसतात, एका दमात बोलल्यासारखे एकमेकांत मिसळून वाजवायचे असतात. मेहेकच्या परीक्षेच्या तुकड्यात पानभर त्या कमानीच होत्या. बिभीषणनं त्यांचा अर्थ पेटीवरून लावला. पेटीवर पुढची पट्टी दाबेपर्यंत मागची सोडली नाही की सूर आपोआप जोडला जातो, कारण हवा भात्यातून येतच असते. मनगट हलवायचं काही कामच नसतं. तेच त्यानं पियानोला लावलं. मागचं बोट चिकटवून ठेव, पुढचं जोरानं मार, हात हलवू नकोस. शिवाय कुठल्याशा व्हिडिओत पंजावर काहीतरी ठेवून वाजवणारी पोरं त्यानं पाहिली होती. तो व्हिडिओ त्यानं पुरता बघितला नव्हता. त्यानं मेहेकच्या पंजावर खोडरबर ठेवला आणि सांगितलं, हा पडला की पुन्हा पहिल्यापासून.

मेहेक बसायची प्लास्टिकच्या बुटक्या खुर्चीवर. तिचं कोपर पट्ट्यांच्या खाली लोंबकळायचं आणि तिथून ती हात वर ओढून धरायची. त्या पट्ट्या पेटीसारख्या हलक्या नाहीत, वजनदार आहेत. दोन-तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "सर, हात दुखतोय."

नवीन-नवीन दुखतंच, असं बिभीषण म्हणाला. पुन्हा म्हणाली तेव्हा त्यानं सांगितलं, की रियाज कमी पडतोय, घरी जास्त वाजव. ती घरी जास्त वाजवू लागली. तिथंही पंजावर खोडरबर ठेवून. एकदा तिचं मनगट सरळ करायला म्हणून त्यानं तिचा हात धरला, तर कातडीखालची शीर बाजेच्या दोरीसारखी ताणलेली लागली. त्यानं हात लगेच सोडला. हे बरोबर नाही, एवढं त्याला तेवढ्यात कळलं होतं. पण क्लासचं संमेलन तोंडावर आलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि त्यात मेहेकचं नाव पहिलं होतं. त्यानं तो विचार बाजूला सारला.

संमेलन एका मंगल कार्यालयात होतं. पियानो टेम्पोतून आणून स्टेजवर मांडला होता. पुढच्या रांगेत रहिमाबी चांगला रेशमी बुरखा घालून बसली होती, शेजारी तन्वीर. मेहेकनं सुरुवात चांगली केली. मग अर्ध्यावर तिची शेवटची दोन बोटं आखडली. ती थांबली, पुन्हा मागून उचललं, पुन्हा तिथंच अडकली. मग तिनं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं दाबून धरला. मागच्या रांगेत कुणी पोरगं फिसकन हसलं.

बिभीषणनं माइक हातात घेतला. त्या घटकेला त्याला मुलगी दिसत नव्हती, समोर बसलेले आईबाप दिसत होते. तो हसत म्हणाला, "पोरगी हुशार आहे, पण रियाजाचा कंटाळा करते. आईवडिलांनी घरी जरा लक्ष द्यावं."

लोक हसले. मेहेक मान खाली घालून स्टेजवरून उतरली. बिभीषण त्याच पियानोवर बसला आणि त्यानं एका भजनाची चाल अशी झरझर वाजवली, की टाळ्या थांबेनात.

कार्यक्रम संपल्यावर तन्वीर गर्दीतून वाट काढत त्याच्याकडं आला. "सर, माफ करा," तो म्हणाला. "आमी धंद्यात असतो, पोरीकडं ध्यान राहत न्हाई. आमच्यामुळं तुमची मान खाली गेली."

बिभीषणनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "होतं असं."

पुढच्या आठवड्यात मेहेक क्लासला आली नाही. रुसली असेल, येईल, असं बिभीषणनं धरून चाललं. परीक्षा जवळ येत होती. कमानींमध्ये परीक्षक नेमकं काय बघतात हे विचारावं म्हणून तो एका रविवारी संभाजीनगरला गेला. तिथं आरोही नावाची एक तरुण बाई पियानो शिकवायची. मूळची आष्टीकडची, पुण्याला राहून शिकलेली. तिच्या चुलत्यांच्या कीर्तनाला बिभीषणनं कधीकाळी साथ केली होती, त्या ओळखीवर त्यानं फोन केला होता. त्याला वाटलं होतं, चहा होईल, चार गोष्टी कळतील आणि आपण परत येऊ.

आरोही म्हणाली, "सर, आधी तुम्हीच तो तुकडा वाजवून दाखवा ना."

त्यानं वाजवला. एकही सूर चुकला नाही. तो तिच्याकडं वळून बसला. मग तिनं आपला तळवा पुढं केला आणि म्हणाली, तुमचा हात यावर ठेवा, नुसता सोडा. त्यानं ठेवला. तिनं आपला हात खालून अलगद काढून घेतला, तरी बिभीषणचा हात जिथं होता तिथंच हवेत राहिला.

"हलत नाही माझा हात," तो कौतुकानं म्हणाला. त्याला वाटलं होतं, ती तेच तपासतेय.

"तीच तर अडचण आहे, सर," आरोही म्हणाली. "तो पडायला पाहिजे होता. तुम्ही खांद्यापासून तो धरून ठेवलाय, म्हणून प्रत्येक सुराला बोट एकटंच कष्ट करतंय. पेटीत भाता सूर देतो. इथं भाता नाही. इथं सूर हाताच्या वजनातून येतो."

तिनं त्याला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसली. दोन सुरांवर कमान असली की पहिल्या सुरावर हात सैल सोडायचा, त्याच्या वजनानं मनगट किंचित खाली जातं. दुसरा सूर त्याच झोक्यात, पहिल्याहून हलका, आणि तो वाजता-वाजता मनगट वर येतं आणि पट्टी आपोआप सुटते. सूर दोन, पण हाताची हालचाल एकच. तिनं वाजवून दाखवलं. दाराशी उभं राहून कुणी 'आई' अशी हाक मारावी, पहिलं अक्षर टेकून आणि दुसरं विरत जाणारं, तसं ते वाजलं. मग तिनं लांब कमान वाजवली. तिथं प्रत्येक सुरासाठी हात खाली जात नव्हता. कोपर मोकळं होतं आणि पाण्यात हात फिरवावा तसा तो सुरांच्या मागोमाग सरकत जात होता.

बिभीषण पुन्हा बसला. त्याला ते जमेना. मनगट खाली सोडायला गेला की बोटं पट्टीवरून घसरायची, बोटं सांभाळली की मनगट लाकूड व्हायचं. एवढ्या वर्षांचा पेटीवाला माणूस, दोन सुरांवर घामाघूम झाला. आरोही घाई करत नव्हती, हसतही नव्हती, याचाच त्याला जास्त त्रास होत होता.

निघताना त्यानं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की काही लोक पोरांच्या पंजावर खोडरबर ठेवून वाजवायला लावतात, ते कसं?

"कोण लावतं?"

"आहे एक ओळखीचा मास्तर. बीडचाच."

"त्यांना म्हणावं, बंद करा. मुलं रबर सांभाळायला हात आवळून धरतात. वरून खुर्ची बुटकी असली तर शिरा सुजतात. कुणाला दुखतंय का तिथं?"

"एक मुलगी आहे."

"मग तिला ताबडतोब थांबवायला सांगा. हात दुखत असेल तर मी मुलांना पट्टीला बोटसुद्धा लावू देत नाही."

"सांगतो त्याला," बिभीषण म्हणाला.

परत येताना एसटीत खिडकीशी बसून तो स्वतःचा हात सैल सोडून बघत होता. हात मांडीवर पडतच नव्हता. ओळखीचा मास्तर. आपल्या तोंडून ते किती सहज निघालं, हे त्याला पुन्हा पुन्हा आठवत होतं. गेवराई गेल्यावर त्यानं तन्वीरला फोन लावायला मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. घरी गेल्यावर करू म्हणाला. घरी गेल्यावर उद्या करू म्हणाला.

तीन-चार दिवसांनी फोन आला तो तन्वीरचाच. मेहेकच्या मनगटाची शीर सुजली होती, डॉक्टरांनी पट्टा बांधला होता. तन्वीरला काळजी होती ती परीक्षेची. पट्टा बांधून वाजवलं तर चालंल का, असं तो विचारत होता. नको, आराम करू द्या, असं बिभीषण म्हणाला.

"डॉक्टर इचारत होते, पोरगी चुकीचं बसून वाजवते का," तन्वीर म्हणाला. "म्या सांगितलं, न्हाई, सर लई बारकाईनं शिकवतात. आमच्याच पोरीनं काहीतरी केलं असंल."

बिभीषणनं तेव्हाही नुसतं बरं म्हणून फोन ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि सत्यशीलाला सगळं सांगितलं. संभाजीनगरचं, खोडरबराचं, त्या खोट्या मास्तराचं, शीर हाताला लागली होती तेही. ती भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "चपला घाला आन जा."

तन्वीरच्या घरी त्याला खुर्ची दिली, कापलेली मोसंबी पुढं ठेवली. मोसंबीला हात न लावता त्यानं सांगून टाकलं, की चूक मुलीची नाही, माझी आहे. मला पियानो येत नाही. मी पेटीवाला माणूस, अंदाजानं शिकवलं, आणि त्या शिकवण्यामुळंच हिचा हात दुखावला. ती रियाज करत होती. मी सांगितलं तेवढा, त्याहून जास्त करत होती.

तन्वीर गोंधळला. आलेल्या माणसाला एवढं खाली बघायला लागावं, हे त्याला सोसेना. जाऊ द्या सर, तुमी काय मुद्दाम केलं काय, असं तो म्हणत राहिला. मेहेक आतल्या दारात उभी होती, मनगटाला पट्टा.

"सर," ती म्हणाली, "हात दुखतोय असं मी सांगितलं, तेव्हा तुम्हाला ते खोटं वाटलं होतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. तेवढ्यानं बरंचसं निभावून गेलं असतं.

"नाही," बिभीषण म्हणाला. "खरं वाटलं होतं."

मेहेक आत निघून गेली. तन्वीरनं त्यानंतर मोसंबी घ्या म्हटलं नाही. रहिमाबी पलंगावर बसून सगळं ऐकत होती. लेकाशी, नातीशी ती घरच्या बोलीत बोलायची, पण आता मराठीत बोलली, बिभीषणला नीट समजावं म्हणून.

"मास्तर, तुमी पोरीला माइकवर बोलले. आता घरात येऊन हळू बोलताव. हे कसं बरोबर होईल?"

बिभीषण उठला, चपला घालून घरी आला. पुढं गुरुपौर्णिमेला क्लासचा छोटा कार्यक्रम होता. पोरांनी हार आणले होते, आईबाप सतरंजीवर बसले होते. त्यानं रहिमाबीला आणि तन्वीरला निरोप धाडला होता. ते येतील असं त्याला वाटलं नव्हतं, पण आले. मेहेक आली नव्हती. हार घालून घ्यायच्या आधी त्यानं माइक घेतला आणि संमेलनात आपण काय बोललो, खरं काय होतं, हे सांगितलं. मधे एकदा थांबला, तेव्हा कुणीतरी माइक बंद पडला समजून वायर हलवली. पियानो मला येत नाही, ज्यांना मुलांना इथून काढून न्यायचंय त्यांनी न्यावं, असं म्हणून तो खाली बसला. हार तसेच टेबलावर राहिले. रहिमाबीनं उठताना त्याच्याकडं बघून मान हलवली. ती बरं म्हणाली की वाईट, त्याला कळलं नाही.

पुष्कळांनी पोरं काढून नेली. काहींनी आमच्या पोराचा हात बघा म्हणून पोरांना डॉक्टरकडं नेलं, आणि ते ऐकून बिभीषण दोन दिवस घराबाहेर पडला नाही. शेजारच्या गणिताच्या क्लासचे धर्मराजसर भेटायला आले. "कावून सांगितलं तुमी?" ते म्हणाले. "कुणाला कळलं असतं? पोरांचं काय, दुखतंय म्हनतेत आन इसरतेत." बिभीषणनं त्यांना चहा पाजला आणि विषय बदलला. पाटीवरचा 'पियानो' त्यानं वरून रंग मारून पुसून घेतला. पुसला तरी रंगाखालून अक्षर दिसतं.

मग त्यानं आरोहीला फोन केला. मला शिकायचंय म्हणाला. आणि तो ओळखीचा मास्तर मीच होतो.

"मला तेव्हाच कळलं होतं, सर," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल, याची वाट बघत होते." तेव्हापासून तो रविवारी तिच्याकडं जातो. मेहेकबद्दलही तिनंच विचारलं. हात बरा झाला की आणा तिला म्हणाली. तन्वीरला सांगायची हिंमत बिभीषणनं कशीबशी केली.

मेहेकचा हात बरा व्हायला पावसाळा सरला. मग तन्वीर तिला आरोहीकडं नेऊ लागला. सुरुवातीला आरोहीनं तिला पट्टीला हातच लावू दिला नाही. उंच स्टुलावर बसवून नुसता हात उचलायचा आणि मांडीवर पडू द्यायचा, एवढंच. मग एक सूर. मग दोन सुरांची कमान. मेहेकला ती चटकन जमली. बिभीषणला अजून दहादा केली तर चार वेळा जमते. कधी तो, मेहेक आणि तन्वीर एकाच गाडीला असतात. तन्वीर शेजारची जागा धरून ठेवतो, मोसंबीचे भाव सांगतो. मेहेक खिडकीशी बसून बाहेर बघते. विचारलं तर उत्तर देते, 'सर' म्हणूनच देते, पण स्वतःहून बोलत नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तिचा वर्ग आधी होता. आरोही आत पाणी आणायला गेली होती. बिभीषण बाहेरच्या बाकावर आपल्या वेळेची वाट बघत बसला होता आणि दार अर्धं उघडं होतं. मेहेक लांब कमानीचा तुकडा वाजवत होती, जिथं संमेलनात अडली होती तोच. कोपर मोकळं होतं, मनगट सुरांबरोबर वर-खाली होत होतं. बिभीषण बघत राहिला. तिनं मान वळवली, तो दिसला, आणि तिचा हात जागच्या जागी आवळला. सूर तुटले.

ती उठली. दारापर्यंत आली, त्याच्याकडं क्षणभर बघितलं आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं आतून वाजवणं पुन्हा सुरू झालं. बिभीषण उठून बाकाच्या पलीकडच्या टोकाला, दारापासून लांब, जाऊन बसला.